मोटरचं गाऱ्हाणं

मेस्त्री सरांना एखादी गोष्ट सांगणं ही शिक्षाच असायची. तुम्ही म्हणावं, आज बाजारात सुरमई चांगली होती. ते म्हणणार, "आणि मगे?" मग काय, घेतली. "आणि मगे?" घरी नेली, तळली. "आणि मगे?" खाल्ली आणि झोपले, सर! यावर ते मान हलवणार आणि अगदी हळू आवाजात आणखी एकदा विचारणार, "आणि मगे?"

मी साताऱ्याकडची. मालवणच्या बाजूला एका तंत्रनिकेतनात गणित शिकवायला आले तेव्हा दोन वर्षं काढायची आणि बदली मागायची, असा हिशोब होता. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मी माझ्या घरमालकिणीशी झालेलं भांडण रंगवून सांगत होते. कोपऱ्यातल्या टेबलावरून चार वेळा "आणि मगे?" आलं. पाचव्या वेळी माझा तोल गेला. "सर, गोष्ट संपली," मी म्हटलं. ते गंभीरपणे म्हणाले, "संपली कशी बाई? तुम्ही अजून त्याच घरात राहता ना?" सगळी स्टाफरूम हसली. मला राग आला होता. पण संध्याकाळी मी घरमालकिणीकडे गेले आणि भांडण मिटवून आले, हेही खरं.

मुलं त्यांना पाठीमागे 'मगे सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. हरिश्चंद्र मेस्त्री हे नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बुटका बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी तांब्याच्या तारेचं वेटोळं. जगातली कुठलीही मोडलेली वस्तू तांब्याच्या तारेने बांधता येते अशी त्यांची श्रद्धा होती. चपलेचा अंगठा, छत्रीची काडी, चष्म्याची दांडी, एकदा तर माझ्या डब्याचं झाकण. बोलताना ते ती तार डाव्या अंगठ्यावर गुंडाळत आणि सोडत. टेबलाच्या खणात सुटे भाग आणि जत्रेतलं गुळाचं खाजं एकत्र असायचं. खाजं तोंडात टाकण्याआधी उजेडात धरून बघावं लागे.

विषय त्यांचा विजेच्या मोटरी. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. त्यांचे मार्गदर्शक त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. संशोधन होतं पाच फेजच्या मोटरीवर, आणि ती पुढचं ओळखून कशी चालवायची यावर. मला ते त्यांनी स्टाफरूममध्ये तीनदा समजावलं आणि मला तीनदा कळलं नाही. चौथ्या वेळी ते म्हणाले, "उद्या सकाळी वर्गाबरोबर किनाऱ्यावर या."

सकाळी रापण चालू होती. म्हणजे लांबलचक जाळं होडीतून समुद्रात फिरवून आणतात आणि त्याचे दोर किनाऱ्यावरची माणसं दोन्हीकडून ओढतात. सरांनी रापणकरांची परवानगी घेतली आणि एका दोरावर आमची पाच मुलं लावली. "घराच्या पंपाला तीन फेज असतात," ते म्हणाले. "म्हणजे ओढणारे तिघे. एक गेला की पंप घुरघुरतो आणि जळतो. आपल्या मोटरीला पाच. ओढा!" मुलं ओढायला लागली. मध्येच सरांनी एकाला ओरडून सांगितलं, "परब, खाली बस!" परब बसला. दोराला असा हिसका बसला की उरलेल्यांपैकी दोघे वाळूत तोंडावर पडले.

जवळच एक होडी वाळूवर ओढलेली होती. तिच्या काठावर बसून जाळं सांधणारा एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस खो खो हसला. "अरे हरी, तुझी पोरां जाळ्यातच गावतली आज!"

"गप ऱ्हव रे इनास," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा पाच जणांना उभं केलं. या वेळी आधीच सांगितलं की दहा पावलांनंतर परब बसणार आहे. दहाव्या पावलाला परब बसला. पण उरलेल्या चौघांनी आधीच अर्धा पाय पुढे टाकला होता, हात सरकवले होते. दोर तसाच येत राहिला.

"माणसं तेवढीच," सर म्हणाले. "जोर तेवढाच. फक्त पुढच्या पावलाला काय होणार ते आधी बघितलं. एवढाच माझा विषय आहे, बाई."

मला कळलं. गणिताच्या बाईला वाळूत उभं राहून कळलं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

तो इनास म्हणजे सरांचा शाळेतला बाकावरचा सोबती. सातवीपर्यंत एकत्र. मग सर पुढे शिकायला गेले आणि इनास दर्यावर. इनासची होडी सरांच्या वडिलांनी बांधलेली होती. ते होड्या बांधणारे नावाजलेले सुतार. इनासची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. घरात तो आणि लुसी नावाची मुलगी, ती बाजारात मासे विकायला बसायची. माझी सुरमई तिच्याकडचीच.

इनासच्या होडीला जुनं इंजिन होतं आणि त्याला एक खोड होती. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा पट्टा आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे लाटा उलट्यासुलट्या फुटतात. दर्यावरून घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या तोंडातून आत यावं लागतं, आणि तिथे होडी आडवी झाली की संपलं. इनासचं इंजिन नेमकं तिथेच बंद पडायचं. "ह्या इंजिनाक माझो जीव घेवचो आसा," तो हसत म्हणायचा. दोनदा तो वल्ह्यावर जीव घेऊन आत आला होता.

दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा सर तिथे किनाऱ्यावर उभे होते. भिजलेल्या इनासला ते म्हणाले, "मी तुका अशी मोटर देतंय, अर्ध्यार सोडूची नाय."

इनासने त्यांचीच नक्कल केली. "आणि मगे?"

"मगे लुसीच्या पोरांका पण ती घराक घेवन येतली."

पीएच.डी. वगैरे सगळं त्यानंतरचं. लोकांना वाटायचं, म्हातारपणी सरांना डॉक्टर म्हणवून घ्यायची हौस आली आहे. खरं म्हणजे ते एका मित्राला दिलेला शब्द पाळत होते आणि त्यासाठी लागेल तेवढं शिकत होते.

मला एकदा त्या दोघांनी होडीतून नेलं. जाताना मी हौसेने बसले आणि येताना ओकून ओकून अर्धी झाले, त्यामुळे समुद्राचं सौंदर्य वगैरे मला विचारू नका. पण खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा सर माझ्या कानाशी म्हणाले, "इनासच्या डोळ्यांकडे बघा." इनास किनाऱ्याकडे बघत नव्हता. तो येणाऱ्या लाटेकडे बघायचा, सुकाणू जरासं वळवायचा आणि लगेच पुढच्या लाटेकडे बघायचा. आधी ठरवलेलं काही धरून बसायचा नाही. दर लाटेला नवा विचार. "मोठमोठ्या लोकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत," सर म्हणाले. "हा सातवी नापास माणूस ते रोज करतो. मोटरीला मी फक्त याच्यासारखं बघायला शिकवणार."

आणि त्यांनी शिकवलं. जुन्या पंपाचं लोखंड घेऊन त्यात पाच फेजचं वेटोळं त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं. चार महिने लागले. बोटांची टोकं कापून निघाली. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिताना त्यांना गणित अडायचं, तेव्हा मी कामाला आले.

ती मोटर कसा विचार करायची ते सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यात ती स्वतःला विचारायची, आता असं केलं तर पुढच्या क्षणी काय होईल? तसं केलं तर काय होईल? असे बरेच पर्याय. प्रत्येक पर्यायाचे ती गुण कापायची, आणि ज्याचे सगळ्यात कमी कापले जातील तो निवडायची. मग पुढच्या क्षणी पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात, मोटरसुद्धा सारखी "आणि मगे?" विचारायची. मी असं म्हटल्यावर सर लाजले होते.

पण गुण कशाचे किती कापायचे, हे मोटरला कळत नाही. ते माणसाने सांगायचं. वेग पडला तर किती, धक्का बसला तर किती, बॅटरी जास्त खाल्ली तर किती, मोटर तापली तर किती. "हे गाऱ्हाण्यासारखं आहे," सर म्हणायचे. या भागात कुठल्याही कामाच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. "जे मागाल ते मिळतं. जे मागायचं विसराल ते मिळत नाही. देव आणि मोटर, दोघेही स्वतःच्या मनाने काही घालत नाहीत."

आकडे ठरवायला आम्ही दोघे एका दुपारी बसलो. तापण्याच्या रकान्याशी ते अडखळले. मी म्हटलं, "सर, तिथे भरपूर कापा. एकच मोटर आहे. ही जळली तर चार महिन्यांचं काम गेलं, प्रकल्पही गेला." त्यांनी तार अंगठ्यावर गुंडाळली, सोडली, आणि मोठा आकडा लिहिला. मी जे बोलले ते शहाणपणाचं होतं. आजही कुणी मला विचारलं तर मी त्याला शहाणपणाचंच म्हणेन, आणि म्हणूनच ते मला इतकं टोचतं.

मोटर पाण्यात उतरवायच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत सरांनी नारळ ठेवला आणि खरंच गाऱ्हाणं घातलं. मुलं, मी, दाराशी इनास आणि लुसी.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जी काय पाच फेजांची मोटर पाण्यात उतरता हा, तिचो वेग कमी होवाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेक धक्को बसाक देव नको, बॅटरी वायच जपान खावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि काय जरी झाला तरी ही मोटर तापान जळाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. इनासनेही म्हटलं आणि मग आपल्या सवयीने छातीवर क्रूस काढला. सगळे हसलो. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की या गाऱ्हाण्यात माणूस कुठेच नव्हता.

मोटर उत्तम चालली. आवाज नाही, धूर नाही. इनास ज्याला त्याला सांगत सुटला की हरीने मोटरीत आपलो जीव घातल्यान. सर शनिवारी जाऊन तिची नोंद उतरवून आणायचे. मोटर दर क्षणाला काय करते ते सगळं कंट्रोलरमध्ये साठत असे. सहा-सात महिने असे गेले. सरांचा प्रबंध जवळजवळ पुरा झाला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी इनास खाडीच्या तोंडाशी गेला.

किनाऱ्यावरच्या माणसांनी पाहिलं. होडी नीट येत होती. मध्येच तिचा जोर कमी झाला. बंद नाही पडली, नुसती मंद झाली. इनासने वल्हं उचललं, तोवर होडी आडवी झाली होती. लाटेने ती उलटली आणि काठ त्याच्या डोक्यात बसला. माणसं पोहत गेली, पण ती पोचेपर्यंत उशीर झाला होता. गावाने म्हटलं, दर्याने नेला. लुसीनेही तेच म्हटलं. कुणी कुणाला बोल लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले तर सर मोटर गोड्या पाण्याने धूत होते. होडीबरोबर ती वाळूत सापडली होती. त्यांनी ती पुसली, दोन दिवस दिव्याखाली वाळवली, एक तुटलेली तार जोडली आणि बटण दाबलं. मोटर चालू झाली. कुठे घरघर नाही, कंप नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक मोटरला लावून ते बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "मोटर एकदम बरी आसा."

माझ्याशी ते नेहमी शुद्ध मराठीत बोलत. त्या दिवशी ते भान उरलं नव्हतं.

मग त्यांनी मला नोंद दाखवली. खाऱ्या हवेने एका फेजची तार जोडाशी तुटली होती. मोटरने ते ओळखलं, उरलेल्या चार फेजवर भार वाटून घेतला आणि चालत राहिली. रापणीतल्या त्या पोरांसारखी. पण चौघांना पाचव्याचं ओझं, त्यात लाटांचा जोर. चारही फेज तापायला लागल्या. तिने पुढचा क्षण पाहिला. असाच जोर लावला तर जळणार, आणि जळण्याचे गुण सगळ्यात जास्त कापले जाणार. तेव्हा तिने हात आखडता घेतला. तिला सांगितलं होतं तसंच, एक चूक न करता.

"मी म्हटलं होतं ते," माझ्या तोंडून निघालं. "तापण्याला जास्त कापा म्हणून."

"लिवणारो हात माझो," ते म्हणाले आणि मोटर बंद केली.

त्या दिवसापासून सरांनी "आणि मगे?" म्हणणं सोडलं. सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग आलं. मुलं मुद्दाम त्यांच्यासमोर लांबण लावून काहीतरी सांगायची आणि थांबून वाट बघायची. सर नुसती मान हलवायचे. ज्या दोन शब्दांनी मला उबग आणला होता, ते ऐकायला मी तरसले. मी स्वतः एकदा घरमालकिणीचं नवं भांडण तिखटमीठ लावून सांगितलं. "बरं," एवढंच ते म्हणाले. मी तास असल्याचा बहाणा करून बाहेर गेले आणि रडले.

प्रबंधात त्यांनी एक नवं प्रकरण लिहिलं. त्यात इनासची होडी, ती नोंद आणि तो आकडा, सगळं होतं. मार्गदर्शक म्हणाले, मोटर तर अपेक्षेप्रमाणेच चालली आहे, मग हे प्रकरण कशाला? काढून टाका, पदवी मिळाल्यातच जमा आहे. त्यांचं तंत्राच्या दृष्टीने बरोबर होतं. सरांनी प्रकरण काढलं नाही, प्रबंधच परत घेतला. मी वाद घालायला गेले तर म्हणाले, "बाई, ते पान फाडून डॉक्टर व्हायचं, आणि लुसीकडून मासे कसे घ्यायचे?"

लुसीला अजून काही ठाऊक नव्हतं. इनासला महिना झाला त्या दिवशी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर सर तिच्या घरी गेले. मला सोबत नेलं. मला वाटतं, एकट्याने पाय उचलला नसता. लुसीने खुर्च्या मांडल्या. सरांनी लॅपटॉप उघडला आणि आलेख दाखवायला लागले.

"काका, ह्या माका कळत नाय," लुसी म्हणाली. "तुमी तोंडान सांगा."

सरांनी लॅपटॉप मिटला. "मोटरीन सोताक वाचवल्यान, गो. तुझ्या बापाशीक नाय. मी तिका तसाच सांगलेलंय."

मी म्हणाले, "मीसुद्धा."

लुसीने अंगणात वाळत घातलेल्या जाळ्याकडे तोंड फिरवलं. ती आम्हाला घराबाहेर काढील, असं मला वाटलं. तिने काढलं असतं तर आम्ही गेलोही असतो. पण ती सरांकडे वळून म्हणाली, "आणि मगे?"

सर दचकले.

"मगे आता काय करतलास तुमी? बापाशीची होडी हयसर सुकता. मी ती पाण्यात घालतलंय. बाजारात बसान माझा पोट भरता, पण माका होडी कुजताना बघवत नाय. वल्ह्यार जाव काय तुमची मोटर लावन जाव, ता सांगा."

सरांनी नाही म्हटलं. पुन्हा नको, माझ्या हातून नको, असं म्हणत राहिले. लुसी ऐकेना. "दुसऱ्याची मोटर माका कशी अर्ध्यार सोडतली, ता माका म्हायत नाय," ती म्हणाली. "तुमची कशी सोडतली ता आता तुमका म्हायत आसा."

नवी मोटर भरायला आठ महिने लागले. मधल्या काळात सर निवृत्त झाले. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जिने चढू नका, वजन उचलू नका सांगितलं, तर हे घराच्या ओटीवर बसून एकेक वेटोळं भरायचे. जुनी मोटर शाबूत होती, पण तिला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आकडे ठरवायच्या दिवशी त्यांनी मला आणि लुसीला बोलावलं. मुलं नाहीत, नारळ नाही. वही उघडून त्यांनी लुसीला विचारलं, "तुका काय होया?"

"माका घराक येवचा आसा."

"वेग?"

"असलो तर बरो. नसलो तरी चलात."

"धक्के बसतले."

"खातंय."

सरांनी तार अंगठ्यावर गुंडाळली. "मोटर तापली तर?"

"तापांदे."

"जळली तर?"

लुसीने एकदा माझ्याकडे बघितलं. "जळांदे, काका. मोटर दुसरी गावतली."

एरवी मोटरने स्वतःला जपावं, पण सुकाणूपाशी एक लाल खटका असेल, आणि लुसीने तो ओढला की जपणं सोडून द्यावं, असं त्यांनी लिहिलं. खटका ओढल्यावर तापण्याच्या रकान्यात किती? त्यांनी तिथे शून्य लिहिलं. पेन खाली ठेवलं आणि वहीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "व्हय म्हाराजा."

लुसी दर्यावर जायला लागली. गावात आधी कुजबूज झाली. बाईमाणसाने खाडीत मुळे-कालवं असले शिंपले काढावेत इथपर्यंत ठीक, पण होडी घेऊन तोंडाबाहेर? मग लोकांना सवय झाली. सरांना झाली नाही. ती बाहेर गेलेली असली की ते ओटीवर खाडीकडे तोंड करून बसायचे आणि ती आत आल्याचं दिसेपर्यंत जेवायचे नाहीत. मी दर रविवारी जायचे. बोलणं फार होत नसे. मी त्यांना कॉलेजातल्या गोष्टी सांगायचे, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी जरा थांबायचे. मेली सवय.

असाच एक रविवार होता. वारा सकाळपासून वाईट होता. लुसी पहाटे गेलेली. सरांची तब्येत त्या आठवड्यात फारच उतरली होती, उशांना टेकून ते कसेबसे बसले होते. दुपारचे दोन झाले, तीन झाले. पेजेची वाटी तशीच पडून होती. खाडीचं तोंड ओटीवरून दिसत नाही, एका वळणाआड आहे. सर त्या वळणावरून नजर हलवत नव्हते. मी दोनदा म्हटलं, किनाऱ्यावर जाऊन बघून येते. दोन्ही वेळा त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. मला एकटं सोडू नका, असं ते तोंडाने कधी म्हणाले नसते.

चारच्या सुमाराला माडांमधून लुसी चालत आली. केसांपासून पायापर्यंत भिजलेली, एका गुडघ्यातून रक्त येत होतं. डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ओटीवर येऊन तिने ते सरांच्या पायाशी ठेवलं. गोणपाट सुटलं आणि जळक्या व्हार्निशचा उग्र वास पसरला.

मोटर जळून काळी पडली होती. तांब्याचं वेटोळं कुठे वितळलेलं, कुठे कोळशासारखं झालेलं. आठ महिन्यांचं काम.

"जळली?" सरांनी विचारलं.

"जळली, काका. तोंडार एक तार गेली. मी खटको ओढलंय. धूर येवक लागलो तरी ओढीत ऱ्हवली. आत इल्यार मगे बंद पडली."

सरांनी हात पुढे केला. मी मोटर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. वजन उचलायचं नाही हे डॉक्टरांचं सांगणं माझ्या लक्षात होतं, तरी ठेवली. ती अजून कोमट होती. त्यांनी वाकून तिचा वास घेतला, जळकी तार बोटाने चाचपली, आणि मग मान वर करून लुसीकडे बघितलं.

"आणि मगे?" ते म्हणाले.

दीड वर्षाने मी ते शब्द ऐकत होते.

लुसी पायरीवर बसली. तोंडावरचं पाणी तिने पदराने पुसलं. "मगे काय, काका," ती म्हणाली, "मी इलंय घराक."

मी वाट बघितली. आणखी एकदा विचारतील असं मला वाटलं, कारण ते नेहमीच विचारायचे. त्यांनी विचारलं नाही. गाल ओले झाले होते ते पुसलेही नाहीत. "बस, गो बाये," ते म्हणाले. "बाई चाय करतत. घे."

मी चहा करायला आत गेले. त्यानंतर आठवड्यातच सर गेले, पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते चहाचे पेले घेऊन बाहेर आले तेव्हा. पेजेची वाटी रिकामी होती. लुसीने पाय पुढे केला होता, आणि सर खिशातल्या तारेने तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा बांधत होते. जळकी मोटर अजून त्यांच्या मांडीवरच होती.